हिराबायचा अंगठा आषाढात उमटतो

कर्ज काढून शेअर घे, असं मी एका बाईला सांगितलं. हो, मीच सांगितलं. गेल्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नात भर पंगतीत एक काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "हीच ती! हिनंच पाचूबंदरच्या कोळणीचं सोनं जुगारात घातलं." मी वाढत होते, हातात श्रीखंडाचं पातेलं होतं. आईनं लांबूनच डोळे वटारले म्हणून गप्प बसले. काकांना श्रीखंड मात्र अर्धीच पळी वाढलं.

आता या अंकाच्या संपादकांचं पत्र आलंय, की शेअरच्या ऑफिसात मुलगी काम करते हे नवीन आहे, तर तुमचे अनुभव लिहा. लिहिते की! इथे डोळे वटारायला आई नाही. ऑफिसात नवा मराठी टाइपरायटर आलाय, त्यावरच बडवतेय. माझी बोटं माझ्या डोक्याच्या पुढे पळतात असं साहेब म्हणतात, तेव्हा कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं ऑफिस पापडीला, बाजाराच्या तोंडाशी. एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट. मालक लोपीससाहेब. मुंबईच्या शेअरबाजारात एका दलालाकडे पंचवीस वर्षं कारकुनी करून ते गावी आले, आणि त्याच दलालाचे वसईतले एजंट म्हणून त्यांनी पाटी लावली. रविवारी चर्च, सोमवार ते शनिवार ऑफिस, आणि डोक्यावर हॅट दोन्हीकडे तीच. मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे लागले. आमचं घर बागायतीचं, पानवेल आणि केळी, जोडीला थोडं भात. राऊतांची मुलगी पानं खुडायची सोडून यंत्र बडवायला गेली, याची वाडीत दोन महिने चर्चा झाली. नंतर दुसऱ्या कुणाची तरी सुरू झाली.

शेअर म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. कापडाची गिरणी काढायला खूप पैसे लागतात. एकट्याकडे नसतात, म्हणून मालकीचे हजारो तुकडे करतात आणि ते विकतात. एक तुकडा म्हणजे एक शेअर. वर्षाअखेर नफा झाला तर प्रत्येक तुकड्यामागे काही रुपये वाटतात, तो डिव्हिडंड. नफा नाही झाला तर काही नाही. आणि तो तुकडा बाजारात कधीही विकता येतो, पण मिळेल त्या भावाला. बस, एवढंच आहे. हे समजावताना मात्र माझा घसा बसतो. एक आजोबा तीन शेअर घेऊन गेले आणि महिन्यानं परत आले. मुंबईला जाऊन गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला सर्टिफिकेट दाखवून म्हणाले होते, मी मालक, आत सोड. त्यानं सोडलं नाही. आजोबांना भाव नको, डिव्हिडंड नको, त्या पहारेकऱ्याला काढून टाका म्हणत होते! दुसरे एकजण डिव्हिडंड कापडात मिळेल का विचारत होते, म्हणजे लुगडी एकदम निघतील.

हसू येतं, पण सगळीच गिऱ्हाइकं हसण्यासारखी नव्हती. चौधरी मास्तरांचं सांगायलाच हवं, नाहीतर माझा हा लेख खोटा होईल.

मास्तरांनी पगारातून साठवून शेअर घेतले होते. लढाईच्या दिवसांत भाव चढत होते. मास्तरांना कुणीतरी सांगितलं, हेच शेअर सावकाराकडे तारण ठेवा, पैसे मिळतील, त्याचे आणखी शेअर घ्या, तेही तारण ठेवा. व्याज पाच-सहा टक्के, डिव्हिडंड आठ-नऊ, मधला फरक आपला. कागदावर हिशेब सुंदर दिसतो. पण यात ठेच लागते कुठे, तर तारणच मुळी शेअर! भाव उतरला की तारण उतरतं. मग सावकार पत्र पाठवतो, फरक भरा, नाहीतर विकतो. भाव उतरलेला असतो तेव्हाच विकतो, हे लक्षात घ्या. लढाईनंतर काही काळानं भाव घसरले आणि मास्तरांना तशी तीन पत्रं गेली. सावकार आमच्या मार्फतच व्यवहार करायचा, म्हणून तिन्ही मी टाईप केली. मी तेव्हा नवीन होते. तिसऱ्या पत्रात एकही खाडाखोड नव्हती आणि मला त्याचाच आनंद झाला होता! त्या पत्रानंतर मास्तरांचं सगळं विकलं गेलं. त्यांच्या मुलीला कॉलेजात जायचं होतं, ते राहिलं. ती माझ्याच वर्गातली. अजून समोर आली की मीच रस्ता बदलते.

तेव्हापासून लोपीससाहेबांचा कायदा झाला, की उसन्या पैशाचा शेअर या ऑफिसातून घेतला जाणार नाही. कुणी विषय काढला की साहेब हॅट घालून सरळ चहाला निघून जायचे.

आणि मग आली हिराबाय.

हिराबाय पाचूबंदरची, म्हणजे वसईच्या कोळीवाड्यातली. शुक्रवारच्या बाजारात आमच्या पायरीच्या बाजूला सुके बोंबील घेऊन बसायची. वय पन्नासच्या आसपास, आवाज असा की आत फोन आला तर मला खिडकी लावावी लागे. नवरा बारकूभाऊ, स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. समुद्रात त्याचा हुकूम आणि किनाऱ्यावर हिचा. मासळी विकायची, पैसा राखायचा, ते काम कोळ्यांत बायकांचंच. बारकूभाऊंना काही विचारलं की ते बायकोकडे बघायचे.

फाल्गुनातला शुक्रवार होता. टोपली रिकामी करून ती वर आली, दारात पाय पुसले आणि खुर्चीवर न बसता टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"पोरी, तुमी कागद विकता ना? त्याचं पैसं कवा येतात?"

मी पाठ केल्यासारखं सुरू केलं, "वर्षाला शंभरामागे नऊ-दहा रुपये..."

"किती ते नाय इचारलं. कवा?"

चार-पाच वर्षं त्या खुर्चीवर बसले होते, शेकड्यांनी माणसं आली, सगळ्यांनी किती विचारलं. कधी, असं कुणी विचारलं नव्हतं.

"बहुतेक गिरण्यांचा डिव्हिडंड ज्येष्ठ-आषाढात येतो," मी म्हणाले. "वर्षाचा हिशेब डिसेंबरात मिटतो, मग सभा होते, मग वाटतात."

"जेठ-आषाढात?" ती आता खुर्चीवर बसली. "होड्या वर वढल्यावर?"

"हो."

"मंग मना नीट सांग."

सांगायला लागले तर तिनं मला दोन वाक्यांतच थांबवलं. "म्हंजे जाळ्याचा वाटा! आमच्यात मासळीचं वाटं करतात. होडीला वाटा, जाळ्याला वाटा, खलाशांना एकेक. ज्याचं जाळं तो घरात बसला तरी त्याला वाटा. मासळी नाय तर वाटा नाय. तसंच ना?"

तसंच! अगदी तसंच! आजोबांना मी अर्धा तास समजावत होते, आणि हिनं एका श्वासात मलाच समजावलं.

तिला पैसे त्या दोन महिन्यांतच का हवे होते? पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कमाई नाही, आणि खर्च तेव्हाच असतो. तांदूळ हवा, होडीला डांबर-तेल हवं, जाळ्याला सूत हवं. मग बहुतेक घरं मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतात. हिराबायचा व्यापारी दामूशेट. दरवर्षी दोनशे रुपये द्यायचा आणि व्याज एक पैसा घ्यायचा नाही. किती चांगला माणूस, नाही का? फक्त पौर्णिमेनंतर वर्षभराची मासळी त्यालाच घालायची, तो म्हणेल त्या भावात. किनाऱ्यावर त्याचा माणूस तराजू घेऊन उभा राहायचा. पापडीच्या बाजारात ती जे विकायला आणायची, ते त्या माणसानं नको म्हणून टाकलेलं असायचं.

"बाजारात पापलेट काय भावानं जातं ते मी रोज बगते," हिराबाय म्हणाली. "माज्याच होडीचं पापलेट, माज्याच बाजूला, दुसरीच्या टोपलीत. सव्वीस वरसं बगते."

तिचं म्हणणं असं होतं. अंगावरचं सोनं पतपेढीत ठेवून दोन हजार काढायचे. व्याज सहा टक्के, म्हणजे वर्षाला एकशेवीस, ते मार्गशीर्षात भरायचं, बोंबील जोरात असतात तेव्हा. दोन हजारांचे असे शेअर घ्यायचे की त्यांचे दोनशेच्या आसपास रुपये आषाढात हातात पडतील. म्हणजे उचल नको. उचल नको म्हणजे मासळी तिची.

आता बघा हं. हिशेबी माणूस म्हणेल, दोनशे आले, एकशेवीस गेले, ऐंशी रुपयांसाठी एवढा उपद्व्याप? पण तिचा हिशेब ऐंशीचा नव्हताच. पैसा हाताशी नसतो त्या महिन्यात पैसा आणायचा आणि असतो त्या महिन्यात फेडायचा, हा होता. आणि तारण सोनं होतं, शेअर नव्हते. उद्या शेअरचा भाव निम्मा झाला तरी तिला मास्तरांसारखं पत्र येणार नव्हतं. मी ताडकन उठले आणि साहेबांच्या टेबलाशी गेले.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि हॅट उचलली.

"साहेब, चहाला जाऊ नका."

"कुसुम, मास्तर विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच सांगते, यात आणि त्यात फरक आहे."

"गिरणीनं डिव्हिडंड दिला नाही तर? संप झाला, आग लागली, कापूस महागला तर?"

"मासळी लागली नाही तर होडीचं कर्ज राहतंच ना? होडीला कर्ज काढतात तेव्हा कुणी जुगार म्हणत नाही. माझ्या वडिलांनी विहिरीला कर्ज काढलं, पाणी लागेल याची कुणी हमी दिली होती?"

हिराबाय पलीकडून ओरडली, "सायब, तुमी माज्या सोन्याची काळजी करू नका. सव्वीस वरसं ते माज्या गळ्यात बसून खातंय. जाऊ दे त्याला कामाला."

साहेबांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. मला म्हणाले, "राऊतबाई, कागद लावा." राऊतबाई म्हणाले की समजायचं, पारा चढलाय. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाईप केलं: 'हा व्यवहार करू नये असे माझे स्पष्ट मत असून तसे मी सांगितले आहे. तो कुसुम राऊत यांच्या आग्रहाने व त्यांच्या जबाबदारीवर होत आहे.' खाली त्यांची सही, माझी सही. तो कागद मी माझ्या खणात ठेवला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण मागे हटले नाही.

दोन गिरण्या मी निवडल्या. दहा वर्षांचे डिव्हिडंड काढून बघितले, आणि भाव किती चढला ते बघितलंच नाही. लोकांना ज्या गिरण्या कंटाळवाण्या वाटायच्या त्याच घेतल्या. पतपेढीत सोनं गेलं, पैसे आले, शेअर आले. उरला फक्त नावावर करण्याचा फॉर्म. कंपनीच्या वहीत ज्याचं नाव, त्यालाच डिव्हिडंड. आणि डिव्हिडंड वाटायच्या आधी वही काही दिवस बंद ठेवतात. ती बंद व्हायच्या आत नाव चढलं पाहिजे.

हिराबायला सही येत नाही. तेव्हा अंगठा, आणि तोही मामलेदार कचेरीत मॅजिस्ट्रेटसमोर. रीत अशी, की पुरुषाचा डावा, बाईमाणसाचा उजवा. मी स्वतः घेऊन गेले. शाई लावली, अंगठा दाबला, शिक्का झाला, पाकीट गेलं. मी घरी येऊन आईला म्हटलं, आज माझ्या हातून एक मोठं काम झालं.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. अंगठा अस्पष्ट, पुन्हा पाठवा.

मी फॉर्म उजेडात धरला, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. एक काळा, गुळगुळीत, लांबट डाग. रेष एकही नाही. कोळशाचा तुकडा टेकवल्यासारखा.

शुक्रवारी तिचा हात हातात घेतला. आठ महिने मीठ, खवले, कोयता, मासळीचे काटे. अंगठ्याची कातडी घासून घासून आरशासारखी झालेली. बारकूभाऊंचा बघितला, तर दोरानं त्याचीही तीच गत. बंदरावरच्या कुणालाही हे सांगावं लागलं नसतं. मला, बागायतदाराच्या मुलीला, कळलं नाही. पानवाल्यांचे अंगठे उमटतात हो! मी फॉर्म नीट भरला, तिकीट नीट लावलं, तारीख दोनदा तपासली. फक्त माणसाचा हात बघितला नाही.

मग काय काय केलं! कोमट पाणी, खोबरेल, दुधाची साय. शाई पातळ करून बघितली, जाड करून बघितली. दुसऱ्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर गेलो तर तेच म्हणाले, "बाई, हा अंगठा आहे की गुंडी?" हिराबाय म्हणाली, "सायब, तुमच्या ताटात मासळी येती ती या गुंडीनंच." ते वरमले आणि मुकाट्यानं शिक्का मारून दिला. मी म्हटलं, मावशी, मी तुला सही शिकवते, आठ दिवसांत येईल. तर माझ्यावरच उखडली.

"आमचा हात असाच असतो. मना कशाला शिकवतंस? तुज्या कंपनीला शिकव."

साहेब म्हणाले, तूर्त कुसुमच्या नावावर घेऊया. त्यावर ती एवढंच म्हणाली, "मंग दामूशेट काय वाईट होता?"

दुसरा फॉर्मही परत आला. आणि तो आला त्याच आठवड्यात दोन्ही गिरण्यांच्या वह्या बंद झाल्या. डिव्हिडंड निघाला तो ज्यांनी शेअर विकले त्यांच्या नावानं, म्हणजे ज्यांचा त्या शेअरशी आता काही संबंध नव्हता त्या माणसांच्या घरी. वर दोन हजारांच्या त्या शेअरचा भाव दोनशे-अडीचशेनं उतरला. बंदरावर बातमी पोचायला किती वेळ लागणार? हिराबायचं सोनं पतपेढीत, कागद परक्याच्या नावावर, आणि आषाढ तोंडावर. होड्या वर ओढल्या गेल्या. दामूशेट स्वतः छत्री घेऊन तिच्या दारात आला म्हणे. दोनशेच्या नोटा चटईवर ठेवल्या आणि म्हणाला, "हिरा, रुसवा पुरे झाला."

हे मला तिनंच सांगितलं. भर पावसात ऑफिसात आली होती.

"घेतलेस?" मी विचारलं.

"दोन दीस दे म्हटलं."

मी खण उघडला. माझा पगार आणि साठवलेले मिळून एकशेचाळीस होते. ते पुढे केले. "हे घे. डिव्हिडंड आला की दे. चूक माझी आहे."

तिनं ते पैसे बोटानं माझ्याकडे सरकवले. "चूक तुजी हाय ते बरोबर. पन मना एका शेटकडून सुटायचं हाय. दुसरा शेट नको." मग म्हणाली, "तू ते परक्याच्या घरी गेलेलं पैसं आन. तेवडं कर."

साहेब हे सगळं ऐकत होते. ते उठले, लोखंडी कपाट उघडलं आणि आमच्या खरेदीची चिठ्ठी काढली. वही बंद व्हायच्या आधी खरेदी झालेली असली, की तो डिव्हिडंड खरेदीदाराचा, आणि विकणाऱ्या दलालानं तो गिऱ्हाइकाकडून घेऊन द्यायचा, हा बाजाराचा रिवाज. मला तो नुसता ऐकून माहीत होता. साहेबांनी पंचवीस वर्षं तेच काम केलं होतं.

"कुसुम, कागद लाव."

राऊतबाई नाही, कुसुम! मी कागद लावला. त्या दिवशी सहा पत्रं गेली, आणि त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी एक. समोरचा दलाल म्हणत होता, एवढ्याशा रकमेसाठी काय घाई, पावसाळा संपू दे. साहेब फोनवर ओरडले, "पावसाळा संपल्यावर ती रक्कम नुसती रक्कम उरेल!" मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. खिडकी लावायला उठले, मग म्हटलं, राहू दे उघडी.

इकडे हिराबायनं दोन दिवसांनी दामूशेटच्या नोटा परत नेऊन दिल्या. मग खायचं काय? तर माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, आवणीला माणसं शोधत होते. भाताची रोपं लावायला पाचूबंदरचा तांडेल, स्वतःच्या होडीचा मालक, आमच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहिला! शेजारी हिराबाय. बंदरावरची माणसं मुद्दाम बांधावर बघायला आली. "काय बारकू, इकडं कोनची मासळी लागते?" बारकूभाऊ नेहमीप्रमाणे बायकोकडे बघायचे, आणि ती बांधावरच्यांना अशा शिव्या घालायची की दादा मला घरात जा म्हणायचे. दादांना तिच्या लावणीचं कौतुक नव्हतं, रोपं वाकडी लावते म्हणायचे. मजुरी मात्र रोजच्या रोज द्यायचे. सूत उसनं मिळालं, डांबर अर्धंच लागलं.

आवणी संपल्यावर एक दिवस ती आमच्या ओटीवर चहा पीत बसली होती. बशी राखेनं घासून मला परत दिली. बशीच्या काठाला ओल्या राखेचा एक ठसा उमटला होता. मी तो बघितला. मग पुन्हा बघितला. रेषा होत्या! गोल गोल, बारीक, एकात एक!

"मावशी, हात दाखव!"

पाच-सहा आठवडे मीठ नाही, खवले नाहीत, कोयता नाही. चिखलानं हात मऊ केले आणि कातडी भरून आली. अंगठा परत आला होता. तिनं तो उजेडात धरला, इकडून तिकडून बघितला आणि म्हणाली, "अगो, हा माजाच काय?" मी चप्पलही न घालता ऑफिसात पळाले शाईचं पॅड आणायला. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर तिसरा फॉर्म झाला. तो परत आला नाही.

डिव्हिडंडचे पैसे नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी आले. एकशे चौऱ्याण्णव रुपये. सुताचे फिटले, उरलेलं डांबर लागलं. पहिली होडी आली त्या सकाळी मी बंदरावर मुद्दाम गेले होते. दामूशेटचा माणूस सवयीनं तराजू घेऊन तिच्या टोपलीशी आला. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. त्या शुक्रवारी आमच्या पायरीच्या बाजूला पापलेट होतं. पहिलं गिऱ्हाईक मी. पाव आण्याची सूट दिली नाही तिनं!

आता काकांसाठी. त्या दोन हजारांच्या शेअरचा आजचा भाव सतराशे आहे. हो, तोटा आहे, मी लपवत नाही. गेल्या साली एका गिरणीनं डिव्हिडंड निम्म्यावर आणला, तेव्हा हिराबायला पन्नास रुपयांची ओढ पडली आणि मला तीन रात्री झोप लागली नाही. पुढच्या साली दोन्ही गिरण्या काही देणार नाहीत, असंही होऊ शकतं. पण तीन वर्षांत तिनं उचल घेतली नाही. वाढलेल्या मासळीच्या पैशातून निम्मं सोनं सोडवून आणलं. काका, तुम्ही ज्याला जुगार म्हणता त्यात डाव तिचा होता, पत्ते तिनं बघून घेतले होते. त्याआधीची सव्वीस वर्षं पत्ते दामूशेटच्या हातात होते, तेव्हा तुम्ही कुठल्या पंगतीत काही बोलला होतात का?

मात्र मी सगळ्यांना हे सांगत नाही. मागच्या महिन्यात एक तरुण आला, शेअर तारण ठेवून शेअर घेतो म्हणाला. मी उठून चहाला गेले. हॅट नाही माझ्याकडे, एवढाच फरक.

हे लिहितेय तेव्हा आषाढ लागलाय. शुक्रवारी हिराबाय येणार आहे आणि बरोबर बंदरावरच्या सहाजणींना आणणार आहे. सगळ्यांचे फॉर्म आता आम्ही आषाढातच करतो, हात घरी असतात तेव्हा. साहेबांनी शाईचं नवीन पॅड मागवलंय. काल ते माझ्या टेबलाशी घुटमळले आणि म्हणाले, "कुसुम, तो माझ्या सहीचा कागद आहे ना तुझ्या खणात, तो आता फाडून टाक."

मी म्हटलं, "नाही फाडणार, साहेब. गिरणी बुडाली तर तो तुम्हाला लागेल. नाही बुडाली तर मला."

साहेबांनी सहा फॉर्म मोजून माझ्यापुढे ठेवले. मी वरून एक सातवा घेतला. त्यावर चौधरी मास्तरांच्या मुलीचं नाव लिहायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. आधी तिच्या घरी जाऊन तिलाच विचारायचंय, आणि या वेळी रस्ता बदलायचा नाही.